तक्त्यातला सतरावा माणूस

"मॅडम, तुमचा सतरा नंबर तर एक्याण्णव सालीच बुडालाय," सलोनीने सांगितलं, आणि एवढं सांगून ती पिशवीतून कोकमांची पुडी शोधायला लागली. गावाहून येणाऱ्या विद्यार्थ्याने विभागासाठी काहीतरी आणायचं ही तिथली रीत, आणि सलोनी रीतीला पक्की होती. अनुजा टेंबुलकरच्या हातात लाल पेन होतं आणि समोर तिच्याच प्रबंधाची मुद्रितं. तेवढ्या वेळात तिने एक स्वल्पविराम खोडला आणि पुन्हा होता तिथेच घातला. काय म्हणालीस, असं तिने विचारलं खरं, पण ते ऐकू आलं नव्हतं म्हणून नव्हे. सलोनीने पुन्हा सांगितलं. शंकर कोयंडे, वय अठ्ठेचाळीस, शिक्षण चौथी, हंगामात दोरावर हजर दिवस एकशेबारा, हा जो माणूस मॅडमच्या चौथ्या तक्त्यात सतराव्या ओळीत आहे, तो त्या हंगामाच्या सात वर्षं आधीच होडी उलटून गेलेला होता. पंखा गरगरत होता. शेजारच्या खोलीत कोणीतरी झेरॉक्सवाल्याशी पानांवरून हुज्जत घालत होतं. अनुजाला वाटलं, आपण उठून खिडकी लावावी, आणि मग लक्षात आलं की खिडकी लावलेलीच आहे.

दोन हजार दहाचा फेब्रुवारी सुरू झाला होता आणि विद्यापीठात यादीचा हंगाम चालला होता. मार्चमध्ये मूल्यांकन समिती यायची, तिच्यापुढे गेल्या दहा वर्षांतल्या संशोधनाची यादी ठेवायची, म्हणून एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे विभाग एकमेकांची पानं मोजत होते. रसायनवाल्यांची यादी बांधून घ्यावी लागणार होती. प्राणिशास्त्रवाल्यांनी एका खेकड्यावर सोळा निबंध पाडले होते. समाजशास्त्राचं सगळं मिळून दीड पान भरत होतं, आणि त्या दीड पानाच्या डोक्यावर अनुजाचा प्रबंध होता, 'मिठबावची रापण: श्रम आणि वाटणी'. दोन हजार एक साली पदवी मिळाली तेव्हा त्याच्याकडे फारसं कोणी पाहिलं नव्हतं. पण मग कोणी मासेमारीवर लिहिलं की त्याचा हवाला देऊ लागलं, आणि आता विभागप्रमुखांनी मागे लागून तो विद्यापीठातर्फे पुस्तक म्हणून छापायला घेतला होता. एप्रिलमध्ये अनुजाची प्राध्यापकपदासाठी मुलाखत होती. पुस्तक वेळेवर आलं तर मुलाखतीला नुसतं जाऊन बसायचं, असं प्रमुखांनी तिला हसत हसत सांगितलं होतं. प्रस्तावनेत चार ओळी नव्या हव्यात, त्या वेळच्या चौतीस माणसांचं पुढे काय झालं एवढंच, म्हणून तिने आपल्या विद्यार्थिनीला, सलोनीला, मिठबावला पाठवलं होतं. चार ओळींसाठी पाठवलेली पोरगी हे घेऊन आली.

शंकर दोन असतील, अनुजा म्हणाली. सलोनीने तेही विचारून ठेवलं होतं. कोयंड्यांच्यात शंकर एकच. त्याची बायको हौसाबाई हिनेच सगळं सांगितलं होतं, काही लपवाछपवी नव्हती. किनाऱ्यावरून मोठं जाळं टाकून दोन्ही बाजूंचे दोर चाळीसपन्नास माणसांनी वाळूवरून ओढायचे ही रापण, आणि ज्याचा दोराला हात त्याला माशांचा वाटा. पण दोरावरची जागा घराची. घराचं नाव म्हणजे पुरुषाचं नाव. पुरुष मुंबईला गेला, आजारी पडला, कायमचा गेला, तरी त्याच्या जागी जो कोणी उभा राहील त्याला त्याच नावाने पुकारायचं. वाटणीच्या वेळी तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, 'शंकर' म्हणून हाक मारायचा आणि हौसाबाई पाटी पुढे करायची. त्याच्या वहीतही तेच. "म्हणजे तुमचे एकशेबारा दिवस खरे आहेत मॅडम, पण ओढत होती ती बाई," सलोनी म्हणाली. मग तिने सांगितलं की हौसाबाईने विचारलंय, अनुजाबाय बरी आसा मां? ह्या शेवटच्या वाक्यानेच अनुजाला कसंसंच झालं. आधीचं सगळं तिने कसंबसं झेललं होतं.

घरी आल्यावर तिने दिवा न लावता चहा केला. आई गेल्यापासून मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत ती एकटीच होती, आणि एकट्या माणसाला जशा सवयी लागतात तशी तिला एक सवय लागली होती. काही बिनसलं की ती मिठबावच्या त्या हंगामात जाऊन बसायची. कुलगुरूंच्या बैठकीत अपमान झाला, की अठ्ठ्याण्णवचा ऑक्टोबर. दवाखान्यात आईच्या उशाशी बसली असताना, नव्व्याण्णवचा जानेवारी. तळेऱ्याच्या नाक्यावर एसटी बदलायची, देवगडच्या गाडीत कंडक्टरने बॅग टपावर टाकायची, आणि मग वळणावळणाने खाली उतरताना कुठेतरी अचानक हवा खारट व्हायची, ती नेमकी जागा तिला डोळे मिटून सांगता आली असती. तिचे वडील तळेऱ्याचेच, पण पोस्टाच्या नोकरीत भांडुपला जे गेले ते गणपतीपुरते गावचे राहिले. मालवणी तिला कानाने यायची, जिभेने नाही. पंचविसाव्या वर्षी एक ट्रंक, दोनशे छापील प्रश्नावल्या आणि मार्गदर्शक सरांचं पत्र घेऊन ती मिठबावला उतरली आणि वरच्या वाडीत प्रेमलताबाई म्हणून शाळेच्या बाई होत्या त्यांच्याकडे राहिली. आंब्याचे रिकामे खोके रचलेली खोली. पहाटे कोणीतरी खालून हाळी घालायचं आणि ती अर्धवट केस बांधून माडांमधून धावत सुटायची. थंडगार वाळू आणि पायाखाली दबणारी कुर्ल्यांची बिळं. पाण्यात लांबवर गेलेली होडी, मागे सुटत जाणारं जाळं, आणि मग दोराला लागलेली माणसांची रांग, पाठमोरी नव्हे, समुद्राकडे तोंड करून एकेक पाऊल मागे येणारी. मागे मागे येत जो सुरूच्या झाडांपाशी पोचेल त्याने दोर सोडून पुन्हा पाण्याच्या कडेला जाऊन धरायचा. तासनतास हे चालायचं. कोणी घाई करत नसे. तिला वाटायचं, जगात एवढं शहाणं काम दुसरं नाही.

त्या सहा महिन्यांत ती जशी जगली तशी पुन्हा कधी जगली नाही, आणि हे ती स्वतःशी कबूल करायला कधी कचरलीही नव्हती. पुढची अकरा वर्षं म्हणजे हजेरीपट, समित्या, कोणाच्या तरी प्रबंधातल्या चुका, एक मोडलेलं लग्नाचं बोलणं, आईचं दुखणं. ह्या सगळ्याच्या तळाशी तो हंगाम होता आणि त्याच्यावर तिने आपला सगळा भार टाकला होता. आपण एकदा एक काम खरं केलं, एवढं तिला पुरत होतं. सरांनी सांगितलं होतं, माणसं सांगतील तेच लिहायचं, पदरचं घालायचं नाही, आणि तिने घातलं नव्हतं. मग चूक कुठून शिरली? तिने माळ्यावरची ट्रंक काढली. तिच्यात त्या वेळच्या सात वह्या होत्या. कागदाला अजून कुबट, मासळीचा वास होता, की तो तिच्या नाकातच बसला होता कोण जाणे. सतरा क्रमांकाची प्रश्नावली निळ्या शाईत होती. दुपारी एकची वेळ लिहिलेली. तिला ती दुपार आठवायला लागली, आणि आठवली. कोयंड्यांचं घर अगदी पुळणीला, किनाऱ्याच्या वाळूला लागून, झावळ्यांची पडवी, बाहेर सुकत घातलेले पेडवे मासे. हौसाबाई तेव्हा चाळिशीची असेल. उंच, रुंद खांद्यांची, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. दोरावर घरातलं कोण असतं? शंकर कोयंडे. वय? अठ्ठेचाळीस लिव. घरी आहेत का? नाय. झालं. दुपारच्या त्या वेळी गावातल्या कुठल्याच घरात पुरुष नसायचा, म्हणून कुठे गेलेत हे तिने त्याही घरात विचारलं नाही. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

आणि कुंकू? त्याचा खुलासा सलोनीने केला होता. नारळी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी होडी उलटली, तिघांतले दोघे पोहत आले, शंकर आला नाही आणि त्याचं शरीरही आलं नाही. शरीर नाही सापडलं तर बारा वर्षं वाट बघायची. तोवर बायकोने कुंकू पुसायचं नाही, तोवर कोणी तो गेला असं तोंडातून काढायचं नाही. अशुभ. दोन हजार तीन साली बारा वर्षं भरली तेव्हा भटजींनी दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी दिला. म्हणजे अनुजा ज्या साली प्रश्नावली घेऊन पडवीत बसली त्या साली गावाच्या हिशेबी शंकर जिवंत नव्हता आणि मेलेलाही नव्हता. अशा माणसासाठी तिच्या प्रश्नावलीत रकाना नव्हता. त्या घराला मात्र त्याच्यासाठी जागा होती, आणि दोरालाही होती. हे सगळं इतकं उघड होतं की परक्या माणसाला सांगावं असं कोणाला वाटलंच नाही. मासा पाण्यात राहतो हे कोणी सांगतं का? ती आपली सुरूच्या सावलीत बसून मान खाली घालून पुकारलेल्या नावांपुढे खुणा करत राहिली.

पण मान खाली घालून म्हणणंही तितकंसं खरं नव्हतं. पाचव्या वहीत तिला स्वतःच्याच अक्षरात एक ओळ सापडली. 'आजही ह. बाई दोराला. बायका अधूनमधून गंमत म्हणून हात लावतात.' तारीख सतरा जानेवारी. त्याच्या खाली त्या दिवशीच्या तारली माशांबद्दल दीड पान. अनुजा त्या ओळीकडे बघत राहिली. म्हणजे डोळ्यांनी पाहिलं होतं. पदर खोचून, पावलं वाळूत रोवून मागे येणारी ती बाई तिला आता लख्ख दिसत होती, आणि तेव्हाही दिसली होती. 'आजही' हा शब्द तिनेच लिहिला होता. आज, काल, परवा, एकशेबारा दिवस जी बाई दोर ओढत होती तिचं काम तिने गंमत ह्या शब्दात गुंडाळून ठेवून दिलं होतं. पदरचं घालायचं नाही म्हणे. हा एक शब्द तिने पदरचा घातला होता आणि त्या शब्दावर अख्खं पाचवं प्रकरण उभं केलं होतं. वय वाढतं तसा पुरुष रापणीला अधिक बांधला जातो, हा तिचा मोठा निष्कर्ष. त्याचा सगळ्यात भक्कम आधार सतरा क्रमांक. स्त्रियांना रापणीच्या दोरावर स्थान नाही, हा दुसरा. तोही आता त्याच ओळीत अडकून गळ्याशी आला होता. तिला लाज वाटली. लाजेने कान गरम होतात हे तिला शाळेनंतर पहिल्यांदा कळलं.

सकाळी मात्र माणसाचं मन सरसावतं, आणि शिकलेल्या माणसाचं जरा जास्तच. आंघोळ करता करता तिला एक विचार सुचला आणि तो इतका सुंदर होता की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शंकरचं शरीर कुठेच नाही, समाधी नाही, फोटोसुद्धा बहुधा नसेल. सगळ्या जगात त्याचं नाव जिवंत माणूस म्हणून एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे, तिच्या तक्त्यात. तिथे तो अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे आणि रोज दोरावर येतो. आपण लाल पेन घेऊन त्याला तिथूनही मारायचं? त्या बाईला हे आवडेल? दोन दिवस ती हा विचार घोळवत राहिली. घोळवता घोळवता तो पक्का झाला. पाच मार्चला पुस्तक छापून हवं होतं, आणि ह्या विचाराने ते होत होतं. हे दुसरं कारण तिला दिसत नव्हतं असं नाही, पण त्याच्याकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. सलोनीला तिने सांगितलं, मी स्वतः जाऊन हौसाबाईंना विचारते, त्या म्हणतील तसं. हे न्यायाचं वाटलं. शुक्रवारी रात्रीची गाडी धरून ती कणकवलीला उतरली आणि तिथून पुढे एसटीने.

वाटेत तिला सगळं पुन्हा हवं होतं. तळेऱ्याला गाडी थांबली तेव्हा ती खाली उतरून मुद्दाम भजीवाल्याच्या पुढे उभी राहिली. हवा खारट होण्याची जागा आली तेव्हा तिने खिडकीला नाक लावलं, आणि ती जागा होती तिथेच होती. भिकाजी तांडेल गेले हे तिला सलोनीकडून कळलं होतं, तरी उतारावरून पुळण दिसली तेव्हा तिने त्यांचा लाल रुमाल शोधला. भिकाजी तिला 'कारकून' म्हणायचे. इल्या काय कारकून, लिवा आज दोन माणसा कमी. एकदा तिला दोर धरायला लावून सगळी रांग हसली होती, कारण तिने दोर ओढण्याऐवजी दोराने तिला ओढलं होतं. तो ओल्या दोराचा खरखरीतपणा तळहातांना आठवला. आता पुळणीवर दोन यांत्रिक होड्या चढवून ठेवल्या होत्या, प्लास्टिकचे निळे खोके होते, आणि रापणीचं जाळं एका बाजूला उन्हात पसरलेलं होतं. माणसं फार नव्हती. कोयंड्यांच्या घरावर झावळ्यांच्या जागी पत्रे आले होते. पडवीत हौसाबाई आडव्या पातीच्या विळीवर बांगडे साफ करत बसली होती. कपाळ मोकळं. खांदे अजून तेवढेच रुंद. तिने मान वर केली आणि ओळखलं.

"इलंस?" ती म्हणाली, जशी अनुजा काल गेली होती. मग बस म्हणाली, पाणी दिलं, आई कशी गेली ते विचारलं, लग्न केलं नाहीस ते बरं केलंस की वाईट हे मला सांगता येणार नाही म्हणाली, आणि पुन्हा विळीवर बसली. अनुजाने जे पाठ करून आणलं होतं ते सांगायला बराच वेळ घेतला. आपण एक पुस्तक लिहिलंय, त्यात रापणीच्या सगळ्या माणसांची नावं आहेत, आणि तेव्हा आपल्याला माहीत नसल्यामुळे त्यात चूक झालीय, आपणच शंकरकाकांचं नाव हजर माणसांत लिहिलंय. हौसाबाई ऐकत होती. तिचे हात थांबले नव्हते. एकेका बांगड्याचे कल्ले काढून ती तो टोपात टाकत होती. मग अनुजाने ते सुंदर वाक्य काढलं.

"काकी, त्या पुस्तकात शंकरकाका जिवंत आहेत. रोज दोरावर येतात. मला वाटलं, खोडू नये. तसेच असू द्यावेत."

हौसाबाईने हातातला मासा पुरा साफ केला. तो टोपात टाकला, हात पाण्यात बुडवून काढले, आणि पदराला पुसले. अनुजा तिच्या डोळ्यांकडे बघत होती. तिथे पाणी येईल असं तिला वाटत होतं, आणि आपल्याही येईल म्हणून ती तयारीत होती.

"आणि मी खंय आसंय त्या पुस्तकात?" हौसाबाईने विचारलं.

दोनशे अडतीस पानं अनुजाला पाठ होती. तक्ते, तळटीपा, परिशिष्टं, सगळं तिच्या डोळ्यांपुढून भराभर गेलं, आणि एका पानावर येऊन थांबलं. खोटं बोलता आलं असतं, पण ह्या पडवीत बसून तिला ते जमेना.

"आभारात आहे तुमचं नाव," ती म्हणाली. "तुम्ही मला प्रेमाने जेवू घातलंत, असं लिहिलंय."

"जेवाण कोणय घालता गो," हौसाबाई म्हणाली. राग नव्हता तिच्या बोलण्यात. हे तिने जसं आहे तसं सांगितलं.

मग तिने दुसरी एक गोष्ट सांगितली, मासे तसेच ठेवून. बारा वर्षं भरली, दर्भाचा शंकर जाळला, तिने कुंकू पुसलं, आणि त्याबरोबर दोरावरचं शंकर हे नावही संपलं. रीतच तशी. पुढच्या हंगामात ती पुळणीवर गेली आणि म्हणाली, आता मला माझ्या नावाने पुकारा. भिकाजी असते तर कदाचित पुकारलंही असतं, पण ते आदल्याच साली गेले होते आणि रापण त्यांचा मुलगा प्रीतम बघत होता. प्रीतम देवगडला कॉलेज शिकलेला. बाईच्या नावाने जागा अशी कधी नव्हती, असं कोणीतरी म्हणालं. ती म्हणाली, बारा वर्षं कोण ओढत होतं ते तुम्ही बघितलं नाही? बघितलं होतं सगळ्यांनीच. काहीजण तिच्या बाजूचेही होते. दोन दिवस वाद चालला. तिसऱ्या दिवशी प्रीतमने कॉलेजातून एक झेरॉक्स आणली आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवली. रापणीच्या दोरावर स्त्रियांना स्थान नाही. हे मी म्हणत नाही, तो म्हणाला, हे विद्यापीठाने लिहिलंय, आणि लिहिणारी तुमचीच अनुजाबाय, सहा महिने इथे बसून सगळं बघून गेलेली. मग हौसाबाईने वाद सोडला. आपल्या अनुजाने बघून लिहिलंय म्हणजे तिला काहीतरी कळलं असेल, असं तिला वाटलं. ती घरी आली. तेव्हापासून ती दुसऱ्यांचे मासे टोपलीत घेऊन विकते, हंगामात आंब्याच्या बागेत मजुरीला जाते, आणि पहाटे हाळी ऐकू आली की अंथरुणात उठून बसते, मग पुन्हा आडवी होते.

विद्यापीठात ज्या संशोधनाचा कोणाला काही उपयोग होत नाही म्हणून सगळे कुरकुर करायचे, त्यातलंच अनुजाचं एक वाक्य एवढ्या लांब चालत आलं होतं आणि त्याने ह्या बाईचा हात धरून तिला दोरावरून खाली उतरवलं होतं. सात वर्षं. ती मुलुंडच्या खोलीत डोळे मिटून त्या वाळूवर जाऊन बसायची तेव्हा वाळूवर ही बाई नव्हती, तिच्यामुळेच नव्हती. आपला आवडता हंगाम आपण कोणाच्या जिवावर जपून ठेवला ते तिला त्या पडवीत कळलं, आणि तिला रडू आलं, पण ते ठरवलेलं रडू नव्हतं. काकी, माझं चुकलं, एवढं ती कसंबसं म्हणाली.

"चुकलां खंय सगळां," हौसाबाई म्हणाली. "एकशेबारा दीस लिवलंस मां? ते बरोबर आसत. फक्त ते माझे आसत."

फोनला रेंज विहिरीपाशीच यायची. अनुजा तिथे जाऊन उभी राहिली आणि तिने सलोनीला सांगितलं की छापखान्याला कळव, पुस्तक थांबवायचं आहे. पाचवं प्रकरण पुरतं जाणार, चौथा तक्ता नव्याने होणार. सलोनीने हळूच विचारलं, की मॅडम, यादीत मग काय ठेवायचं, आणि प्रमुखांना काय सांगू? यादीतून काढ, अनुजा म्हणाली, आणि प्रमुखांना सोमवारी मी लेखी देते, चूक माझी आहे आणि ती कोणती आहे ते. मुलाखतीचं काय हे सलोनीने विचारलं नाही, त्याबद्दल अनुजाला बरं वाटलं. प्रीतमला भेटायला लागेल, आजच, आणि त्याने ते वाक्य जसं वाचलं तशीच आपली चूकही सगळ्यांसमोर वाचायला लागेल. तो ऐकेलच असं नव्हतं. झेरॉक्स एकदा सुटली की परत बोलावता येत नाही.

ती परतली तेव्हा पडवीत मासे नव्हते, विळी धुऊन भिंतीला टेकवलेली होती. आतून खोबरं वाटल्याचा वास येत होता आणि चुलीवर काहीतरी चुरचुरत होतं. तिला एकदम भूक लागली. कालपासून तिने धड खाल्लं नव्हतं. ती उंबऱ्याशी जाऊन चपला काढायला लागली, तशी हौसाबाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

"आदी लिवन घे," ती म्हणाली. "मगे जेव."